एजाजभाई दुकानातून बाहेर पडला तेव्हा

नवशाला, म्हणजे नवऱ्या मुलाला, अंगठी कुणीही घालू दे, घड्याळ मात्र नवरीच्या भावानंच बांधायचं असतं. आमच्या खानदानात तरी असंच चालत आलंय. आणि यास्मीनआपाचा भाऊ, म्हणजे माझाही भाऊ, एजाजभाई, अमेरिकेकडच्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला. मग काय विचारता! मंगनीची बोलणी चालू होती तेव्हाच अम्मीनं आपाच्या होणाऱ्या सासूला सांगून टाकलं, "घड्याळ फॉरेनचं येणार. एजाज स्वतः आणणार, स्वतः बांधणार."

सांगून टाकलं म्हणजे विषय संपला. सोलापूरच्या भवानी पेठेत दुपारी बोललेली गोष्ट संध्याकाळी चहाच्या गाडीवर पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेला बसू मला विचारतोय, "काय अर्शी, दाजीला सोन्याचं घड्याळ म्हणं?"

"सोन्याचं कोण म्हणालं?"

"बरं, चांदीचं," म्हणाला आणि सायकल काढून गेला.

भाई जहाजाच्या लाँड्रीत आहे. आधी तो इथंच टॉवेलच्या कारखान्यात होता, आता तिकडं हजारो माणसांचे टॉवेल धुतो. अब्बा म्हणतात, सोलापूरचा माणूस दर्यापार गेला तरी टॉवेल काय त्याला सोडत नाही. (घरात आम्ही दखनीत बोलतो. इथं मराठीत लिहितेय, कारण हे सगळ्यात आधी माझी मैत्रीण रुद्राणी वाचणार आहे आणि तिला "हौ" आणि "नक्को" सोडून एक शब्द येत नाही.)

आता माझं सांगते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी वर्गात तोंडच उघडत नव्हते. हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा रुद्राणी कोपरानं ढोसायची, तेव्हा आवाज निघायचा. मग इतिहासाच्या वैजयंती मॅडमनी सगळ्यांना एक काम दिलं. जगातलं कुठलंही एक गाव घ्यायचं आणि त्याची गोष्ट वर्गासमोर सांगायची. कागद न बघता. कुणी पॅरिस घेतलं, कुणी काशी. मी शार्लट अमाली घेतलं. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचं बंदर. भाईचं जहाज तिथं दर थोड्या दिवसांनी लागतं आणि मला बाहेरचं दुसरं गावच माहीत नव्हतं, म्हणून.

पण वाचायला घेतलं आणि मी त्या गावात पार अडकले! शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ते डेन्मार्कच्या राजाचं होतं, मग त्यानं आजूबाजूच्या बेटांसकट अमेरिकेला विकून टाकलं. माणसं, घरं, किल्ला, सगळ्यासकट. बंदरात माल उतरवायला जकात नव्हती, म्हणून देशोदेशीची गलबतं तिथं यायची. किनाऱ्याला लागून लांबच लांब दगडी वखारी. आत साखर, रम आणि काकवीची पिंपं. आज त्याच वखारींत सोनं, घड्याळं आणि सेंटची दुकानं आहेत. ड्युटी-फ्री.

मी वर्गात "काकवी" म्हटल्याबरोबर मागच्या बाकावरनं करकंबचा इंद्रजीत ओरडला, "आमच्यात पण अस्ती की!" अख्खा वर्ग हसला. मीपण हसले. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या हसण्यात माझी भीती कुठं सांडली ती सापडलीच नाही. मी बोलतच सुटले. तास संपल्याची घंटा झाली तरी बोलत होते.

शेवटी मॅडमनी एकच विचारलं, "साखर सांगितलीस अर्शी. पण ऊस कोण तोडत होतं?"

मला येत नव्हतं. घरी जाऊन शोधलं. आफ्रिकेतून बांधून आणलेली माणसं. त्यांना त्याच गावात, बाजाराच्या चौकात उभं करून विकायचे. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता मी उभी राहिले आणि तेही वर्गाला सांगितलं. त्या वेळी इंद्रजीत काही बोलला नाही. त्याच्या गावात दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्यांच्या पोरांबरोबर तो खेळलेला आहे. मधल्या सुट्टीत मात्र आला आणि म्हणाला, "लई भारी बोललीस," आणि पळाला.

हे सगळं मी भाईला व्हॉइस मेसेजवर सांगितलं. किल्ला लाल रंगाचा आहे, डोंगरावर विटांच्या जुन्या पायऱ्या आहेत, वर गेलं की सगळं बंदर दिसतं. भाईचं उत्तर आलं, "तू सांगतेस ते गाव नेमकं कुठलं? मला तिथं जहाजाचा दरवाजा, सिमकार्डवाला आणि तुमच्या ऑर्डरींची दुकानं एवढंच माहीत आहे."

खरंच की. जमिनीवर उतरायला त्याला दोन पाळ्यांच्या मधला थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात कधी फुफूचं, म्हणजे आत्याचं, सेंट, कधी मामूंचा गॉगल, कधी गल्लीतल्या पोरांची चॉकलेटं. घ्यायचं आणि पळत परत.

मग थोड्या वेळानं दुसरा मेसेज आला. आवाज बारीक. "अर्शी, आम्ही खाली असतो ना, तिथं खिडकी नाही. दिवस का रात्र ते ताटात काय वाढलंय त्यावरनं कळतं. परवा मला सोमवार आहे का शुक्रवार, तेच आठवेना. नुसता बसून राहिलो. एकदा त्या पायऱ्या चढून यायला पाहिजे होतं बघ. आता एकदाच तिथं थांबणार, मग माझं कंत्राट संपतं, मी घरी."

तो मेसेज मी घरात कुणाला ऐकवला नाही. भाई आमचा, लहानपणी पतंग कटला तरी हसणारा. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तेव्हापासून मी मनात पक्कं केलं होतं की शेवटच्या वेळी जहाज तिथं लागेल तेव्हा भाई त्या पायऱ्या चढला पाहिजे. काहीही होवो.

आणि नेमकं त्याच दिवशी घड्याळ घ्यायचं होतं.

आमच्याकडं दिवेलागण झाली होती, तिकडं सकाळ. अम्मीचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून आम्ही तिघी समोर बसलो. अब्बा रिक्षा घेऊन बाहेर. भाईनं दुकानात शिरून फोन फिरवला आणि मी ओरडलेच, "वखार! भाई, ती वखार आहे! भिंत बघ की किती जाड!"

"भिंत काय घालायचीय का नवशाच्या हातात?" अम्मी म्हणाली. "घड्याळं दाखव रे."

काचेच्या कपाटामागचा माणूस सिंधी निघाला. आमच्याएवढी पोरं असतील, एवढं वय. "सलाम माताजी," म्हणाला. झालं! अम्मीचा चेहरा असा उजळला की जणू नवी पेठेतच बसलीय. तिनं पदर सारखा केला आणि कामाला लागली. आधी तिनं पाच-सहा घड्याळं नावं ठेवून बाजूला सारली. मग जे मनात भरलं होतं त्याकडं बघून नाक मुरडलं.

"ये कैसा दिये?"

त्यानं किंमत सांगितली. अम्मीनं कपाळाला हात लावला.

"माताजी, भाव एकच आहे. जहाजावर काम करणाऱ्यांना कमी करून देतो, ते आधीच कमी केलंय. आणि वरनं सगळं ड्युटी-फ्री."

"फ्री म्हणता आणि पैसे मागता?"

तो माणूस मनापासून हसला. म्हणाला, वीस वर्षं झाली इथं, पण असं कुणी बोललं नव्हतं.

मला राहवेना. मी मधेच तोंड घातलं. "अंकल, तुमच्या दुकानामागच्या डोंगरावर पायऱ्या आहेत ना? वरनं कसं दिसतं?"

"मी कुठं गेलोय बेटा," तो म्हणाला. "सकाळी दुकान, रात्री घर. पाहुणे आले की त्यांना पाठवतो."

भाई त्याच्याकडं बघत राहिला असावा. फोन त्याच्या हातात थोडा खाली आला होता, आम्हाला नुसतं काचेतलं पिवळं ऊन दिसत होतं.

"अर्शी, तू गप," अम्मी म्हणाली. "हां भाई, आखरी बोलो."

त्यानं आखरी तेच सांगितलं. अम्मी पुढं झुकली आणि दखनीत, पण त्या माणसालाही कळावं अशाच आवाजात म्हणाली, "एजाज, उठ. चल बाहेर. मागं बघायचं नाही."

आता हे कुणाला सांगायला नको. मंगळवार बाजारात अम्मी उठली की चार पावलांत दुकानदार हाक मारतो. "या ताई, बसा तरी, तुम्ही सांगा की." कधी चौथ्या पावलाला, कधी दहाव्या, पण हाक येतेच. माझ्या जन्मात तरी ती चुकलेली नाही. म्हणून भाई उठला. छत दिसलं, दाराची कमान दिसली, मग एकदम पांढरा उजेड. आम्ही तिघी कान देऊन बसलो.

हाक आलीच नाही.

"मागं बघ जरा," अम्मी हळूच म्हणाली.

भाईनं फोन फिरवला. दुसऱ्या कुठल्या तरी जहाजाची गर्दी दुकानात शिरली होती. तो सिंधी माणूस एका पांढऱ्या केसांच्या जोडप्याला तेच घड्याळ दाखवत होता. तसाच हसत.

"हाक मारली नाही?" अम्मीला खरंच लागलं होतं. "कसला दुकानदार म्हणायचा हा! गिऱ्हाइकाला असं जाऊ देतात होय?"

"परत जाऊ का?" भाईनं विचारलं.

"लगेच गेलास तर इज्जत राहील का? जरा फिरून ये. घाम फुटू दे त्याला."

"त्याला कशाला फुटतोय घाम, एसी आहे तिथं," आपा म्हणाली. ती संध्याकाळभर गप्प होती. एवढंच बोलली.

मी मात्र "फिरून ये" पकडलं. फोन उचलला. "अम्मी, कुठं फिरायचं ते मी सांगते त्याला, मला पाठ आहे सगळं." आणि अम्मी काही म्हणायच्या आत जिना चढून माळवदावर.

"भाई, डावीकडं दुकानं ठेव आणि सरळ चाल. लाल किल्ला दिसला का?"

"दिसला."

"त्याच्या अलीकडंच डोंगराकडं वळ."

"अर्शी, वेळ नाही गं."

"अम्मीनं सांगितलंय फिरायला. मोठ्यांचं ऐकावं."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. एक बोळ लागला, मग चढ, मग पायऱ्या. चित्रात बघितल्या होत्या तशाच, पण चित्रात एक कोंबडी नव्हती. ती तुरूतुरू भाईच्या पुढं चालली होती, जणू वाट दाखवतेय.

"ही आपल्या गल्लीतलीच दिसतेय," भाई धापा टाकत म्हणाला.

"दमलास? रोज जिने चढतोस की."

"ते वेगळे. त्यांच्या वर पुन्हा छतच असतं."

मी त्याला विटा बघायला सांगितलं. गलबतं इकडं येताना रिकामी असायची. रिकामं गलबत समुद्रात कलंडतं, म्हणून त्यांच्या तळाशी वजनाला विटा भरायचे. इथं विटा उतरवायच्या आणि साखर भरून न्यायची. उतरवलेल्या विटांचं मग गावात असं काही काही बांधलं.

भाई थांबला. खाली वाकून त्यानं एका विटेवर तळवा ठेवला. मला त्याचा हात दिसला. बोटांची कातडी साबणाच्या पाण्यानं पांढरी पडलेली, सोललेली. आपा मंगनीच्या फोटोंसाठी हाताला मलई लावत बसते ना, तसा हात असायला पाहिजे होता भावाचाही, असं काहीतरी वेड्यासारखं माझ्या मनात आलं.

"तळात बसून आल्या म्हण की या," तो म्हणाला.

"आणि उतरवल्या कुणी असतील, सांग."

"ते काय सांगायला पाहिजे?" तो म्हणाला, आणि परत चढायला लागला.

वर पोचला तेव्हा त्यानं फोन समोर धरला आणि हळूहळू फिरवला. लाल लाल छपरं, त्यांच्या खाली वखारींची रांग, आणि पुढं पाणी. असलं निळं मी शाईतही बघितलं नाही. पाण्यात दोन जहाजं, त्यातलं अलीकडचं पांढरं.

"ते माझं," भाई म्हणाला. "अर्शी, ते माझं जहाज आहे! मी अजून पुरतं बघितलंच नव्हतं कधी. एवढं मोठं आहे होय?"

तो कठड्यावर बसला. मी पण माळवदाच्या कठड्यावर बसले. खालून अम्मीची हाक आली, "गेला का परत?" मी ऐकलंच नाही असं केलं. दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेच्या ऐवजी आपा आली.

"फोन दे. दुकानात गेला का तो?"

"आपा, दोन मिनिटं थांब ना. बघ कसलं दिसतंय—"

"तुला काय जातंय? भाषण ठोकायचं आणि टाळ्या घ्यायच्या. त्या घरात मला जायचंय! त्यांच्या सगळ्या पाहुण्यांना सांगून झालंय. तिथं बायका घड्याळ उलटं करून मागचं कंपनीचं नाव वाचणार आहेत, माहितेय का तुला?"

खरं होतं ते. भाईला सगळं ऐकू गेलं होतं.

"यास्मीन," तो फोनमधून म्हणाला. "तुला पाहिजे का? पाहिजे असलं तर आत्ता पळतो. तिथून थेट कामावर जायला लागेल, एवढंच."

मला वाटलं ती नको म्हणेल.

"पाहिजे," आपा म्हणाली.

भाई लगेच उठला. पँट झटकली. त्याचं ते मुकाट्यानं उठणं मला बघवेना. मी ओरडले, "भाई, बस! आपा, तुला माहीत नाही, त्याला वार आठवत नाहीत, त्याला दिवस-रात्र कळत नाही, त्यानं मला—"

"काय चाललंय?" मागून अब्बा. रिक्षा लावून आलेले, खांद्यावर खाकी शर्ट. "खाली तुझी अम्मी ओरडतेय, वर तुम्ही. घड्याळ झालं?"

अब्बांनी माझ्या हातातून फोन घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले.

"कुठं आहेस रे?"

"डोंगरावर, अब्बा. खाली निघालोच आहे."

"ती तुझी बोट?"

"हो."

अब्बा बघत राहिले. बोटीच्या अंगावर खिडक्यांच्या ओळीच ओळी. "यात तुझी खोली कुठली?"

"इथनं दिसत नाही, अब्बा. पाण्याच्या खाली आहे."

"आणि काम?"

"त्याच्याही खाली." भाई हसल्यासारखं करत म्हणाला, "ट्यूबलाइट आहे की."

अब्बा दिवसभर उघड्या रिक्षात असतात. ऊन, धूळ, वारा, सगळं खात. एसीवाल्या ओला-उबरना शिव्या देत. त्यांनी परत एकदा बोटीकडं बघितलं आणि मग भाईकडं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"बस," म्हणाले.

"अब्बा, दुकान—"

"बस म्हणलं ना. वारा खा. कामाची वेळ होईपर्यंत तिथंच बस, मग जा."

"आणि मंगनी?" आपाचा आवाज चिरकला.

"घड्याळ मी बघतो. भाऊ येऊन बांधेल." एवढं बोलून फोन माझ्या हातात दिला आणि खाली गेले. खालून पहिल्यांदा अम्मीचा आवाज आला, "मी त्यांना आता काय तोंड दाखवू?" मग अब्बांचा बारीक आवाज, शब्द कळत नव्हते.

आपा कठड्याला टेकून उभी होती. रडत नव्हती, पण नाक लाल. मी तिला भाईचा तो मेसेज ऐकवला. पूर्ण. ती ऐकून म्हणाली, "मला का नाही ऐकवलास?" मी शाळेत सगळ्यांसमोर बोलायला शिकले होते, घरात कुणाला काय सांगायचं ते अजून शिकायचं होतं बहुतेक.

"आता नईमना तूच सांग," ती म्हणाली.

"मी? नवरा तुझा!"

"अजून झाला नाही." पण तिनं स्वतःचा फोन काढला. नईमभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, ते लगेच बघतात. आपानं दोनदा लिहिलं, खोडलं. मग बटण दाबून तोंडानंच बोलली, घाईघाईनं, "बाहेरचं घड्याळ येणार नाही. इथलंच असेल. तुमच्या अम्मींना तुम्ही सांगा. भाईला वेळ मिळाला नाही. म्हणजे मिळाला होता, पण तो डोंगरावर बसलाय." आणि फोन पोटाशी धरला.

माझ्या हातातल्या फोनवर वाऱ्याचा घूंघूं आवाज येत होता. भाईनं फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता.

आपाचा फोन वाजला. नईमभाईंचा लिहिलेला मेसेज. तिनं वाचला, परत वाचला आणि माझ्यापुढं धरला.

"बरं. अम्मीला सांगतो. पण भाई बरे आहेत ना?"

"काय सांगू?" आपानं विचारलं.

मी स्क्रीनकडं बघितलं. भाईनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. डोळे मिटलेले, आणि सगळं ऊन तोंडावर.

"आत्ता आहे म्हणून सांग," मी म्हटलं.